स्पीकरखालची चुंबळ

काकूंची तक्रार पहिल्यांदा मी हसण्यावारी नेली, हे आधीच कबूल करून टाकतो.

मंगळवेढ्यातलं आमचं घर जुन्या पद्धतीचं. दगडमातीच्या रुंद भिंती, खाली सोपा आणि त्याला लागून दोन खोल्या, वर माडी. माडीची जमीन म्हणजे सागवानी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर माती आणि सगळ्यांत वर कोबा. खाली काकू राहतात, वर आम्ही. निवृत्तीनंतर गावी परतताना मी इतर सामानाबरोबर माझे जुने लाकडी पेटीचे दोन स्पीकर आणि अँप्लिफायर आणला होता. संध्याकाळी तासभर गाणं ऐकायचं, तेही बेतानं, एवढीच चैन.

काकूंनी पंच्याऐंशी ओलांडली आहे. कानांनी त्यांची साथ केव्हाच सोडली. दाराची कडी वाजवून उपयोग नसतो, समोर जाऊन उभं राहावं लागतं. अशा काकूंनी एके दिवशी मला खाली बोलावून सांगितलं, "तुझं ते वरचं यंत्र जरा आवर बाबा."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "काकू, माझी गाणी तुम्हांला ऐकू तरी येतात का?"

"गाणं कुठलं यायला? मला काईच ऐकू येत न्हाई. पण माझी बाज हलतीया."

घरात सगळे हसले. ज्या बाईला शेजारी उभं राहून मारलेली हाक कळत नाही, तिला माडीवरच्या गाण्याचा त्रास होतो, यावर कोण विश्वास ठेवणार? वय झालं की असे भास होतात, असा निकाल देऊन आम्ही मोकळे झालो.

पुढं काही दिवसांनी रात्री पाणी प्यायला खाली उतरलो, तर काकू अंगणात, ओट्याच्या कडेला भिंतीचा आधार घेऊन उभ्या. अंधारात, अनवाणी. वर माझा नातू मोबाइलवरचं काहीतरी स्पीकरला जोडून ऐकत होता. मला बघून काकू एवढंच म्हणाल्या, "फळीवरची भांडी हलली. म्हणून भाईर आले."

मग मला कळलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती आणि चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं आडवी झाली, हजारो माणसं दगडामातीच्या भिंतींखाली आणि माळवदांच्या ओझ्याखाली गेली. धक्का सोलापूर जिल्ह्यातही सगळीकडं जाणवला. आमच्या घराचं काही बिघडलं नाही, पण काकूंना त्या पहाटे जाग आली ती फळीवरच्या पितळी डब्यांच्या हलण्यानं. दगडामातीच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या मनात ती खूणगाठ बसली ती बसलीच. भांडी हलली की घराबाहेर पडायचं. तीस वर्षांनंतर माझ्या करमणुकीपायी ही म्हातारी रात्री-बेरात्री अंगणात येत होती. एखाद्या रात्री ओट्यावरून पाय घसरला असता, तर?

ताटातल्या पाण्याची साक्ष

दुसऱ्या दिवशी मी खरं-खोटं करायचं ठरवलं. काकूंच्या बाजेच्या उशाशी माडीची मोठी तुळई पेलणारा लाकडी खांब आहे. बाज त्या खांबाला टेकलेली. खांबाजवळच्या कोनाड्यात स्टीलचं ताट ठेवून त्यात बोटभर पाणी घातलं आणि त्यावर टॉर्चचा झोत तिरपा सोडला. समोरच्या भिंतीवर उजेडाचा कवडसा पडला, अगदी स्थिर. मग सौभाग्यवतींना वर भजनाची ध्वनिफीत लावायला सांगितलं. टाळ आणि गायकाचा आवाज मला खाली पुसटसा ऐकू येत होता, पण कवडसा हलत नव्हता. पखवाज सुरू झाला आणि त्याच्या प्रत्येक 'धुम'बरोबर भिंतीवरचा कवडसा फुटून पुन्हा जुळू लागला. खांबाला तळहात लावला, तर पखवाजाचा ठेका हातात आला. काकूंना भास होत नव्हता. घरात एकट्या त्याच बरोबर होत्या.

हा प्रयोग कुणालाही घरी करता येईल. खालच्या बिऱ्हाडाची तक्रार आली की आपण वाद घालतो तो आवाजाच्या मोठेपणावर. "एवढ्याशा आवाजाचा कसला त्रास?" पण वाद आवाजाचा नसतोच, कंपाचा असतो. कान आणि हाडं ही दोन वेगळी दारं आहेत.

आता हा कंप येतो कुठून? आज घराघरांत दिसणारा स्पीकर मुळात १९२५ साली अमेरिकेतल्या राइस आणि केलॉग या दोघांनी मांडलेल्या रचनेचा वंशज आहे. लोहचुंबकाच्या खाचेत तारेचं वेटोळं, त्याला चिकटलेला कागदाचा शंकू. वेटोळ्यात वीज खेळली की शंकू पुढं-मागं होतो आणि हवेला ढकलतो. पण शंकू पुढं ढकलला जाताना पेटी मागं ढकलली जाते. बंदूक झाडली की खांद्याला दणका बसतो, तसंच. आठ इंची स्पीकरचा शंकू आणि वेटोळं यांचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम धरा, पेटीचं दहा-बारा किलो. म्हणजे चारशेला एक असं प्रमाण. खर्जात शंकू चार मिलिमीटर हलला, तर पेटी एक शतांश मिलिमीटर हलू पाहणार. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा हा सातवा-आठवा भाग.

एवढ्यानं काय होतं, असं वाटेल. याचं उत्तर तंबोऱ्यात आहे. तंबोऱ्याची नुसती तार हवेत ताणून छेडली, तर शेजारच्याला ऐकू येणार नाही. तार बारीक आहे, ती हवेला कापते, ढकलत नाही. तिचा कंप घोडीवाटे तबलीत उतरतो, तबली रुंद असते, तिच्यामागं भोपळ्याची पोकळी असते, आणि मग खोली भरते. यातला भोपळा आमच्याच भागातला, हे गाणं ऐकणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. मिरजेच्या कारागिरांना लागणारे सतारीचे आणि तंबोऱ्याचे भोपळे भीमेकाठच्या पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातून जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला ते त्याआधीच, २०१६ मध्ये मिळालं होतं. ज्वारीचं आम्ही कौतुक केलं, भोपळ्याचं करायचं राहिलं.

तर माझ्या घरात काय झालं होतं? पेटी ही तार, कोबा ही घोडी आणि माडीची सगळी जमीन ही तबली. बारा फुटी खोलीएवढी तबली. मी नकळत माझ्या काकूंच्या डोक्यावर एक तंबोरा बांधून ठेवला होता.

घन पदार्थांतला नाद

नाद हवेतूनच येतो असं आपण धरून चालतो, पण लाकडातून, दगडातून आणि लोखंडातून तो हवेपेक्षा कितीतरी पट वेगानं जातो. १८७७ साली फोनोग्राफ बनवणारा एडिसन कानांनी अधू होता. यंत्राच्या लाकडात दात रोवून तो नाद डोक्याच्या हाडांतून ऐकत असे. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी यांना जवळजवळ ऐकू येत नाही, पण त्या जगप्रसिद्ध तालवादक आहेत. त्या अनवाणी वाजवतात. जमिनीतून येणारा कंप पायांना कळावा म्हणून.

मंगळवेढ्याच्या माणसाला तर यासाठी परदेशी जायचं कारणच नाही. इ. स. १३३८ च्या सुमारास इथंच गावकुसाचं बांधकाम चालू असताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेव त्यांच्या अस्थी न्यायला आले, तेव्हा ढिगाऱ्यात हाडं अनेकांची होती. ज्या अस्थींना कान लावल्यावर विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या, अशी परंपरेची कथा आहे. ती श्रद्धेची गोष्ट आहे, तिला पदार्थविज्ञानाच्या काट्यावर चढवू नये. मात्र हाडाला कान लावून ऐकावं, हे ज्या लोकांना सुचलं, त्यांना नाद कुठं कुठं वसतो याची जाण होती, एवढं खास.

आणि कंप अडवायचा कसा, हेही आपल्या घरांतून ठाऊक होतं. माडीवर चटणी कुटायची, तर आई खलबत्त्याखाली गोणपाटाची चौघडी घालायची. "खालच्यांच्या डोक्यात घाव नकोत" असं ती म्हणे. तबला चुंबळीवर बसतो, तंबोऱ्याच्या भोपळ्याखाली कापडाचं वेटोळं असतं. मिक्सरच्या पायांना रबर असतं आणि पिठाच्या गिरणीखाली रबराच्या नाहीतर नमद्याच्या घड्या असतात. वस्तू आणि जमीन यांच्यामध्ये काहीतरी मऊ, एवढंच तत्त्व. स्पीकरला मात्र आपण थेट फरशीवर बसवतो.

रबर चुकलं, ट्यूब जमली

तत्त्व कळलं म्हणून काम झालं असं नव्हे. मी आधी टायर कापणाऱ्याकडून जाड रबराचे चार तुकडे आणले आणि पेटीखाली ठेवले. खाली येऊन कवडसा पाहिला. काडीचा फरक नाही. मग गादीचा स्पंज आणला. तो पेटीच्या वजनानं पार चपटा झाला आणि कवडसा पुन्हा तसाच. इथं थोडं गणित समजून घ्यावं लागलं. ते सोपं आहे आणि दुकानात फसवणूक टाळायला उपयोगी आहे, म्हणून सांगतो.

मऊ वस्तूवर वजन ठेवलं की ते दाबलं जातं आणि सोडलं की आपल्या ठरावीक गतीनं डोलतं. ही डोलण्याची गती दाब किती बसला त्यावर ठरते. वजनानं ती गादी एक मिलिमीटर दबली, तर डोलणं सेकंदाला सुमारे सोळा वेळा. चार मिलिमीटर दबली, तर सुमारे आठ वेळा. दशांश मिलिमीटरच दबली, तर पन्नास वेळा. संगीतातला खर्ज सेकंदाला चाळीस ते शंभर कंपनांच्या आसपास असतो. अडवण्याचा नियम असा, की गादीच्या स्वतःच्या गतीच्या साधारण दीडपटीपर्यंतचे कंप ती अडवत नाहीच, आणि त्या गतीच्या आसपासचे तर उलट वाढवते. त्याच्या वर मात्र झपाट्यानं अडवते. गती दहाची असेल, तर चाळीसच्या कंपाचा हिशेबानं पंधरावा भागच खाली उतरतो. गती पन्नासची असेल, तर तोच कंप अडायच्या ऐवजी फुगून उतरतो.

माझं टायरचं रबर पेटीच्या वजनाला दाद देत नव्हतं. ते दहा-बारा किलोला दगडासारखंच होतं. स्पंज इतका दबला, की त्यात दबण्यासारखं काही उरलंच नाही. पहिल्यात नमणं नाही, दुसऱ्यात उभं राहणं नाही. चुंबळीला दोन्ही यावं लागतं.

शेवटी उपाय सापडला सायकलच्या दुकानात. लहान मुलांच्या बारा इंची सायकलची ट्यूब घेतली, तिच्यात अर्धवटच हवा भरली, ती कोब्यावर गोल मांडली आणि तिच्यावर दीड फूट बाय दीड फूट, इंचभर जाडीची शहाबादी फरशी ठेवली. एवढ्या फरशीचं वजन तेरा-चौदा किलो भरतं. तिच्यावर स्पीकरची पेटी. फरशीचा फायदा दुहेरी. पेटीला पक्कं बूड मिळतं आणि वजन वाढल्यानं ट्यूब हवी तेवढी दबते. बरोबर जमलं की नाही, हे ओळखायला यंत्र लागत नाही. फरशीचा कोपरा बोटानं हलकेच दाबून सोडावा. ती डोळ्यांना दिसेल इतक्या सावकाश डोलली तर ठीक. थरथरून लगेच थांबली तर ट्यूब जास्त ताठ आहे. फरशी खाली टेकली तर हवा कमी आहे.

दोन पथ्यं पाळावीत. पेटी भिंतीला, कपाटाला किंवा फळीला कुठंही टेकता कामा नये, तारसुद्धा ताणलेली नको. एक जागा टेकली, तरी तेवढ्या पुलावरून सगळा कंप पार होतो. आणि उंच, निमुळत्या पेट्यांना हा उपाय करू नये. त्या कलंडतील, आणि ज्या घरात रांगतं मूल आहे तिथं तर अजिबात नको. ट्यूबमधली हवा महिन्या-पंधरा दिवसांत उतरते, पंपाचे दोन दट्टे मारावे लागतात. एवढं नको असेल, तर पेटीच्या वजनाला जुळणारे रबराचे मऊ पाय घ्यावेत. घेताना किती किलोसाठी आहेत आणि तेवढ्या वजनाला किती दबतात, हे दोन प्रश्न विचारावेत. रंग आणि किंमत नंतर.

काही दुकानांत स्पीकरखाली लावायला पितळी किंवा पोलादी अणकुचीदार खिळे मिळतात. दिसायला देखणे असतात. पेटी जागेवर पक्की बसवणं हे त्यांचं काम. जाड गालिच्यावर ते उपयोगी. पण कंप ते अडवत नाहीत. टोक कितीही बारीक केलं तरी पोलाद ते पोलादच. ते जमिनीला घट्टच धरून ठेवतं.

आणखी एक उपाय निघाला, तोही फुकटचा. काकूंची बाज खांबापासून वीतभर दूर सरकवली. कंप जिथून निघतो तिथं अडवावा आणि जिथं पोहोचतो तिथलाही पूल काढून टाकावा. भांड्यांच्या फळीवर डब्यांखाली जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या. एवढं झाल्यावर कवडसा पाहिला. पखवाजाच्या थापेला तो किंचित शहारत होता, फुटत नव्हता.

ट्यूब काय करत नाही

ट्यूब सगळं काही करत नाही, हेही सांगितलं पाहिजे. ती फक्त पेटीचा जमिनीला लागणारा हिसका अडवते. शंकूनं ढकललेली हवा भिंतींना आणि जमिनीला धडकतेच, आणि आवाज वाढवला की तिच्यापुढं कुठलीही गादी चालत नाही. पेटी कोपऱ्यात ठेवली की दोन्ही भिंती खर्जाला हात देतात आणि तो फुगतो. शिवाय दहा फुटी खोलीत सेकंदाला साधारण सत्तावन्न कंपनांचा सूर भिंतीभिंतींत अडकून घुमत राहतो. पुष्कळांना जे 'जमीन हादरते' असं वाटतं, ते निम्मं या घुमण्यामुळं. पेटी कोपऱ्यातून हात-दोन हात पुढं ओढली आणि खर्जाचं बटण थोडं मागं फिरवलं, तर हा भाग कमी होतो. मिरवणुकीत ज्यांना आपण सरसकट 'डॉल्बी' म्हणतो, त्या स्पीकरच्या भिंतींचा धक्का छातीवर बसतो तो असा हवेतून. त्याला उपाय एकच, तो बटणापाशी आहे.

कायद्याचं मोजमापही इथं अपुरं पडतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण हे मोजणारा मीटर माणसाच्या कानासारखा ऐकावा म्हणून खर्जाला कमी किंमत देतो. पन्नास कंपनांच्या सुरातले सुमारे तीस डेसिबल तो हिशेबातच धरत नाही. म्हणजे मीटर म्हणणार शांतता आहे आणि खालच्या बिऱ्हाडात पेले थरथरणार. काकूंना आम्ही म्हणालो तेच मीटर म्हणतो.

मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, टोकांना आरसे. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मिलनाची लहर पहिल्यांदा टिपली. तिथले चाळीस किलोचे आरसे जमिनीवर ठेवलेले नाहीत, एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत टांगलेले आहेत. रस्त्यावरची मालमोटार, समुद्राची लाट, दूरचा भूकंप, काही आरशापर्यंत पोहोचू नये म्हणून. विश्वाच्या पलीकडचं ऐकायचं, तर आधी पायाखालचं थांबवावं लागतं. आमच्या ट्यूबमागचं आणि त्या लंबकांमागचं तत्त्व एकच आहे. फरक कोट्यवधी रुपयांचा आणि अचूकपणाचा.

काकू आता रात्री अंगणात येत नाहीत. नातवाला नऊनंतर कानातले यंत्र वापरायची ताकीद आहे आणि तो ती बहुतेक पाळतो. मला मात्र एक गोष्ट खटकत राहिली. ज्या बाईला काही ऐकू येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो, तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि खात्री करून घ्यायला आम्हांला ताटभर पाणी लागलं. नुसता तळहात खांबाला लावला असता, तरी पुरलं असतं.

कार्तिकीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पुन्हा खाली बोलावलं. आता आणखी काय, म्हणून मी धास्तावूनच गेलो. पंढरपूर इथून पंचवीसेक किलोमीटर, पण त्यांच्यानं आता जाववत नाही.

"उद्या एकादशी हाय," त्या म्हणाल्या. "तेवढा दिवस ती ट्यूब काढ. आणि बाज खांबाला लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी कोब्यावर उतरवली आणि भजन लावलं. खाली जाऊन पाहिलं, तर काकू बाजेवर बसून होत्या, एक हात खांबावर, आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती. ठेका बरोबर होता.